काका, त्या किल्ल्यांच्या जुडग्यासाठी

प्रिय काका,

रविवारचा प्रयोग होऊन चार दिवस झाले, तरी माझा हात अजून कमरेशी जातो. समोर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहितेय.

याआधी दोन वर्षं ज्या ग्रुपमध्ये होते, तिथले दिग्दर्शक प्रत्येक वाक्य स्वतः करून दाखवायचे आणि ‘अस्सं कर’ म्हणायचे. जमलं नाही की सगळ्यांदेखत नक्कल. ‘तुझ्यात भूमिका शिरतच नाही’ हे त्यांचं वाक्य मी खरं मानून बसले होते.

तुम्ही मला ‘नटसम्राट’मधली कावेरी दिलीत, म्हाताऱ्या नटाची, आप्पासाहेबांची बायको. १९७० पासून हे नाटक म्हटलं की लोकांना आप्पासाहेब आठवतात, ते साकारणारे डॉ. श्रीराम लागू आठवतात. स्वगतं सगळी आप्पांची. कावेरीनं नुसतं उभं राहायचं तरी कसं?

तुम्ही संहिता मिटवलीत, मला खुर्चीत बसवलंत आणि स्वतः सतरंजीवर बसून विचारू लागलात. ‘कावेरीबाई, आप्पा दौऱ्यावर असताना नंदाला ताप आला, तर रात्र कशी काढायचात?’ ‘मुलांना सगळं वाटून दिलंत, त्याच्या आदल्या रात्री झोप लागली?’ उत्तरं नाटकात नव्हती, मलाच शोधावी लागली. अभिनय शिकवणाऱ्या रशियन स्तानिस्लावस्कींचं ‘मी या जागी असते तर’ पुस्तकात वाचलं होतं. त्या सतरंजीपाशी ते पहिल्यांदा कळलं.

आणि मग तुम्ही तुमच्या घरच्या कपाटाच्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा आणलात. ‘कमरेला खोचा. घरीसुद्धा.’ पंधरा दिवस पोळ्या लाटताना, भांडी आवरताना त्या वाजत राहिल्या. मुलीच्या घरातल्या चोरीच्या आळाच्या प्रवेशाची तालीम आली, तेव्हा तुम्ही काही न बोलता हात पुढे केलात आणि त्या परत घेतल्यात. प्रवेश सुरू झाला, माझा हात आपोआप कमरेशी गेला, तिथं काहीच नव्हतं. काका, त्या क्षणी मला कावेरी सापडली. रडायचं कसं, हे कुणी सांगावंच लागलं नाही.

तुम्ही सेट उचलणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरालाही अहो-जाहो करता. चुकलेल्या माणसाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगता. तुमच्या तालमीत कुणीच घाबरत नाही, म्हणून तिथं माणसं आपली भूमिका शोधायचं धाडस करतात. अशी माणसं हौशी रंगभूमीला फार हवी आहेत.

प्रयोगानंतर विंगेत तुम्ही तो जुडगा पुन्हा माझ्या हातात ठेवलात. अजून परत केलेला नाही. थोडे दिवस राहू दे ना माझ्याकडे.

तुमची,
कावेरी