आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बघा बाबा, विसरले नाहीये.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुम्ही दोघं मला बोलूच देत नाही. आई म्हणते जेवलीस का, बाबा म्हणतात घे आईशी बोल, आणि मला खरं काय सांगायचंय तिथपर्यंत येईतो तुमचं "चल ठेवतो, बिल येतं" सुरू. आता बिल येत नाही हो बाबा, कितीदा सांगू. आणि व्हॉट्सॅपवर एवढं मोठं टाकलं तर आई चष्मा शोधत बसेल आणि तुम्ही वरच्या दोन ओळी वाचून अंगठा पाठवाल. म्हणून प्रिंट काढून कुरियर करतेय, अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय.

दोन आठवड्यांपूर्वी रात्री ठमीचा फोन आला होता. असाच, काही काम नव्हतं. चार महिन्यांनी बोललो तर तासभर चाललं, तिच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लेकीचा दहावीचा रिझल्ट, बडोद्यात 43 डिग्री आणि कूलरमधनं पण गरम वाफ येते, माझं इथे बोरिवलीत घामाचं रडगाणं, ट्रेनची गर्दी, केसर आंब्याची पेटी कितीला मिळाली, सगळं. आणि मग मधेच ती अगदी सहज म्हणाली, "काकूंची जखम आता भरत आलीये गं, ड्रेसिंग दोन दिवसांआड केलं तरी चालेल म्हणाले डॉक्टर."

मी म्हटलं, कुठली जखम?

ती गप्प. मी पण गप्प. मग तिने सांगितलं, रडतच सांगितलं बिचारीने, तिला वाटलं मला माहीत असणार. आई, तिला बोलू नकोस हं. दीड महिना झाला म्हणे. नव्या चपलेचा पट्टा पायाला लागला, साखरेमुळे तुला कळलंच नाही, फरशीवर रक्ताचे ठिपके बाबांनी बघितले तेव्हा समजलं. आणि या दीड महिन्यात मी तुमच्याशी किती वेळा बोललेय? रोज. रोज "काय चाललंय" विचारलं आणि रोज "मजेत, तू सांग" ऐकलं.

मला राग आला होता, खरंच, रात्री झोप नाही लागली. मग पहाटे वाटलं की राग कुणावर काढायचा, साडेचार-पाच तासांचा तर प्रवास आहे आणि मी संक्रांतीनंतर आलेलेच नाही. प्रत्येक वेळी काहीतरी होतं, पिंट्याची परीक्षा, माझं ऑडिट, ह्यांचं टूर. सबबीच आहेत, मला माहितीये. तुम्ही सांगितलं नाहीत कारण सांगून मी काय केलं असतं, "डॉक्टरकडे जा" एवढंच म्हटलं असतं ना?

आई, तुला आठवतं, मशीनवर बसून ब्लाउज शिवून झाले की तू पालथी झोपायचीस आणि म्हणायचीस, "ये गं बबडे, जरा पाय तुडवून दे." मी भिंतीला हात लावून तुझ्या तळव्यांवर उभी राहायचे, आधी टाचांवर, मग मधे. तू डोळे मिटूनच सांगायचीस, इथे नाही, जरा डावीकडे, हां तिथे, आता हळू. किती बारीक कळायचं तुला. ठमी म्हणाली डॉक्टरांनी तळव्याला ती दोऱ्यासारखी बारीक तार टोचून बघितली तर काकू म्हणाल्या, सुरू करा ना, कधी टोचताय.

बरं. आता ऐका, मुद्द्याचं.

मी बडोद्यातच, मांजलपूरला, ठमीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतलाय. घेतलाय म्हणजे घेतलाय, डिपॉझिट भरलं, अकरा महिन्यांचा करार झाला, किल्ली ठमीकडे आहे. तुम्ही 7 जूनला तिकडे राहायला जायचंय.

बाबा, कागद खाली ठेवू नका. पुढे वाचा.

घर विकायचं नाहीये. भाड्याने पण द्यायचं नाहीये. कारेलीबागचं टेनामेंट जसं आहे तसं राहणार, तुमच्या नावाची पाटी तशीच राहणार, जांभळाला पाणी घालायला बाई येणार आणि दिवाळीला आपण सगळे तिथेच जमणार. फक्त पावसाळ्यात आणि आईचा पाय पूर्ण बरा होईपर्यंत तुम्ही तिथे तळमजल्यावर एकटे नकोत, एवढंच म्हणणं आहे. पुढच्या मेमध्ये नाही आवडलं तर परत जा, मी अडवणार नाही (भांडेन, पण अडवणार नाही).

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. 2019 ला 31 जुलैला एका दिवसात 20 इंच पाऊस पडला तेव्हा पाणी आपल्या ओटल्याच्या पायरीवर थांबलं होतं. मान्य. पण मग 2024? विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट आणि ती गेली 35 च्या वर. तेव्हा तुम्ही मला काय सांगितलंत, "गुडघाभर आहे, शांती छे." आणि प्रत्यक्षात दिवाण पाण्यात होता, आणि तुम्ही दोघं शेजारच्यांच्या वरच्या खोलीत तीन रात्री बसून होतात, लाइट नाही, फोन बंद. गल्लीत मगर आली त्याचा व्हिडिओ मात्र नंतर आठवणीने पाठवलात, खाली लिहिलं होतं "पाहुणे". मी हसले पण होते तेव्हा, काय सांगू.

आणि इन्सुलिन? फ्रिज बंद, तर आईने बाटली स्टीलच्या डब्यात घालून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली होती. हुशारीच केलीस गं, खरंच, पण तीन दिवस जेवणाचा पत्ता नाही आणि तू अंदाजाने डोस कमी केलास, हे पण मला सहा महिन्यांनी कळलं, ते सुद्धा मावशीकडून. आणि त्यावेळी पायाला जखम नव्हती. आता त्या पाण्यात हा पाय घालायचा? गटाराचं, मेलेल्या जनावरांचं, कशाकशाचं पाणी असतं ते.

बाबा म्हणतील नदी खोदलीये, रुंद केलीये, आता भीती नाही. छानच झालं, मला पण बरं वाटलं. पण आजवा तलावाची लेव्हल 211 फूट की 212 हे तुम्हाला माझ्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ असतं आणि पावसाळ्यात रात्री दोनला उठून तुम्ही मोबाइलवर काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदी किती चढली तो आकडा बघता, आई सांगते मला. ज्याला भीती नाही तो दोनला उठतो का?

इथे बोरिवलीला या असं मी का म्हणत नाही, हा प्रश्न तुम्ही विचारणार नाही पण मनात येईल, म्हणून मीच लिहिते. वन बीएचके आहे, पिंट्या हॉलमध्ये अभ्यासाला बसतो. पुरानंतर वीस दिवस राहिलात तेव्हा बाबा खिडकीतून समोरच्या छतावरची कबुतरं मोजायचे, आई दारात जाऊन उभी राहायची आणि सगळ्यांची दारं बंद. शेवटी शेवटी तर तुम्ही दोघं घड्याळाकडे बघून जेवायचात. ते मला परत नाही बघायचं. आणि मी नोकरी सोडून बडोद्याला येऊ शकत नाही, म्हणजे विचार केला होता, ह्यांच्याशी बोलले पण होते, पण लोनचे हप्ते आहेत अजून. हे लिहिताना कसंतरीच होतंय, पण खोटं लिहिणार नाही.

आता फ्लॅटचं सांगते, कारण मला माहितीये आईला काय काय पडलेलं असतं. मी व्हिडिओ कॉलवर तासभर सगळं बघितलं, ठमी वैतागली. स्वयंपाकघरात उजेड आहे, ओटा तुझ्या उंचीचा आहे, पाइपलाइनचा गॅस आहे. देवघर पूर्वेला लागेल. हॉलमध्ये हिंचक्याचे हुक आधीपासून आहेत, त्यामुळे आपला हिंचका जसाच्या तसा जाईल, कड्यांना तेल मात्र द्या, फार कुरकुरतो. बाल्कनीत तुळस राहील. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवून घेतल्या आणि कमोड आहे, बाबा नाक मुरडू नका. लाइट गेली की लिफ्टचं काय, हे तुम्ही विचारणारच, तर सोसायटीचा जनरेटर आहे आणि तो उंच ओट्यावर चढवलेला आहे, हे मी स्वतः सेक्रेटरींना दोनदा विचारलंय. त्यांना वाटलं असेल काय बाई आहे.

कामाटीबागेचं फिरणं सुटेल ही बाबांची खरी अडचण, हो ना? बाकी सगळं निमित्त. महिन्याची रिक्षा बांधलीये, सकाळी पावणेसहाला खाली येईल, तुमच्या मंडळाबरोबर फेऱ्या मारा, बाकावर राजकारण करा, साडेसातला घरी. येताना सेव उसळ नाही. एकदा म्हणजे रविवारी. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीची पुस्तकं ठमीचा मुलगा बदलून आणेल, यादी लिहून द्या फक्त, आणि नीट अक्षरात.

भाडं किती ते विचारायचं नाही. तुम्ही मला कधी सांगितलंत का माझ्या हॉस्टेलची फी कशी भरलीत? बांगड्यांचं मला लग्नात कळलं.

राहता राहिला अधिक महिना. आई, मला माहितीये, हे वाचताच तू म्हणालीस, "अधिकात कुणी घर बदलतं का!" अगं गृहप्रवेश थोडाच करतोय, भाड्याचं घर आहे, चार महिने हवापालट समज. अधिक संपेल 15 जूनला आणि पाऊस काही पंचांग बघून येत नाही. वाटलं तर तिथे दूध उतू घालायचं ते निज ज्येष्ठात घाल. जावयाला 33 अनारसे द्यायचे म्हणून तू या उकाड्यात तांदूळ भिजवत बसणार असशील तर आत्ताच थांब, ह्यांनी निरोप दिलाय, आईंना सांग विकतचे चालतील. (नाही चालणार त्यांना, पण तू उभी राहू नकोस गॅसपाशी.)

आता माझं ऐकायचं. आई, घरात पण चप्पल घालायची, ती मऊ, पुढून बंद असलेली, मी पाठवतेय. देवघरात सुद्धा. देवाला चालतं, मी विचारलंय त्याला. रोज रात्री बाबा तुझे तळवे बघतील, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा, टॉर्च लावून. लाजायचं काय त्यात, चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. गरम पाण्याची पिशवी पायाला अजिबात लावायची नाही, भाजलेलं कळणार नाही तुला. पाय धुतले की बेचक्या कोरड्या करायच्या. इन्सुलिनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहायची, चार आठवडे झाले की टाकून दे, उरलं तरी टाक, "वाया जातं" म्हणू नकोस. आणि आमरस वाटीभर, वाटी ती लहान, नैवेद्याची. तुझी वाटी मला माहितीये.

बाबा, तुम्ही बीपीची गोळी एक दिवसाआड घेताय हे पण मला कळलंय. पुरवून पुरवून काय खायची ती, गोळी आहे, बाकरवडी नाही. रोज घ्या.

मी फार बोलले का? सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला पुलावर मगर दाखवायला न्यायचात आणि मी खाली वाकले की एका हाताने फ्रॉक मागून घट्ट धरून ठेवायचात. मला राग यायचा, नीट दिसत नाही म्हणून ओरडायचे. तुम्ही सोडायचा नाहीत. मी आत्ता तुमचा फ्रॉक धरलाय असं समजा, आणि ओरडायचं तेवढं ओरडा.

मी 5 तारखेला रात्री येतेय, चार दिवस सुट्टी टाकलीये. टेम्पो 7 ला सकाळी आठला. तोवर तुम्ही काहीही बांधायचं नाही, काहीही म्हणजे काहीही, माळ्यावर चढायचं नाही. आईने फक्त खुर्चीवर बसून काय न्यायचं काय नाही ते सांगायचं.

आता करा फोन. आधी आई.

तुमची,
बबडी

ता.क. आजीची पेटी येणार आहे आपल्याबरोबर, ती मागे नाही ठेवायची. पण ती मी उचलणार. बाबा, त्या गणपतीच्या वर्षी काय झालं होतं ते आठवा आणि हात लावू नका.