ड्राफ्टमध्ये आधी चांगला पोरगा उचला, ऑफेन्सची भोकं मार्चमध्येच बुजवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या एनएफएल, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगच्या ड्राफ्टबद्दल मजकूर आला तो वाचून आधी तर बरंच वाटलं, की चला, आपल्या नागपुरातही कोणीतरी हे पाहून राहिलं. पण शेवटी जे लिहिलं होतं, की ज्या टीमचे पॉइंट होत नाहीत तिने डोळे झाकून ऑफेन्सचेच, म्हणजे पॉइंट काढून देणारेच प्लेअर घ्यावे, टॅलेंट-बिलेंट नंतर पाहू, ते काही पटलं नाही. म्हणून हे पत्र. लांब झालं तर खुशाल कापा, फक्त डेट्रॉईटवालं कापू नका.

आधी एक खुलासा करतो, नाहीतर कामठी आणि मोमिनपुऱ्याचे फुटबॉलवेडे लोक माझ्यावर धावून येतील. हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो नव्हे, हेल्मेट घालून हाताने फेकायचा तो. मिहानमध्ये अमेरिकन क्लायंटसाठी रात्रपाळी करता करता आमच्यातल्या बऱ्याच जणांना याचा नाद लागला. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजचे प्लेअर टीममध्ये वाटून द्यायची पद्धत, 1936 पासून चालू आहे. 32 टीम, 7 राऊंड, आणि मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात खाली तिला पहिला नंबर. आपल्या आयपीएलसारखी बोली नाही, तुमचा नंबर आला की उरलेल्यातला एक पोरगा उचलायचा. मग भांडण हेच, की उचलायचा कोणता? जो सगळ्यात चांगला आहे तो, की ज्या जागेवर आपल्याकडे भोक आहे त्या जागेचा?

तुमच्या लेखात म्हटलं भोक. आणि भोक नेहमी ऑफेन्सलाच दिसतं राजेहो! डिफेन्सवाल्याने बॉल अडवला तर टाळ्या तेवढ्यापुरत्या, टचडाऊन, म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकाला नेऊन पॉइंट, झाला की स्टेडियम डोक्यावर. मालकाला तिकीट विकायचं असतं, कोचला नोकरी वाचवायची असते, चाहत्याला रविवारी आरडाओरडा करायचा असतो, म्हणून सगळे मिळून म्हणतात एक रिसिव्हर (बॉल झेलणारा) घ्या, एक क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) घ्या.

आता डेट्रॉईट लायन्स पाहा. 2003 मध्ये दुसऱ्या नंबरवर चार्ल्स रॉजर्स, रिसिव्हर. 2004 मध्ये सातव्या नंबरवर रॉय विल्यम्स, रिसिव्हर. 2005 मध्ये दहाव्या नंबरवर माइक विल्यम्स, तोही रिसिव्हर! लागोपाठ तीन वर्षं पहिला पिक, म्हणजे पहिली निवड, एकाच जागेसाठी, कारण काय तर आमचा क्वार्टरबॅक एकटा पडतो, त्याला बॉल झेलणारी माणसं पाहिजे. 2005 ला त्यांच्या लगेच नंतर, अकराव्या नंबरवर डॅलसने डिमार्कस वेअर घेतला. क्वार्टरबॅकला पाडणारा माणूस, डिफेन्सचा. त्याने करिअरमध्ये 138.5 सॅक केले, म्हणजे तितक्यांदा क्वार्टरबॅकला पाडलं, आणि 2023 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला. माइक विल्यम्सला लायन्सने दोन सीझनमध्येच दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. एवढ्यावरही भागलं नाही, 2007 मध्ये दुसऱ्या नंबरवर परत रिसिव्हर, केल्विन जॉन्सन. हा मात्र अस्सल हिरा निघाला, म्हणजे यावेळी त्यांनी टॅलेंटच घेतलं असं म्हणता येईल, आणि 2008 मध्ये त्याने 1331 यार्ड काढले, 12 टचडाऊन केले. आणि त्याच 2008 मध्ये लायन्स 16 पैकी 16 मॅच हरले! डिफेन्सने त्या सीझनमध्ये 517 पॉइंट दिले बाप्पा. समोरच्याला अडवणारा कोणी नसेल तर तुमचा हिरा बाउंड्रीवर उभा राहून पाहत राहतो, दुसरं काय करणार.

याच्या उलट बाल्टिमोर. 1996 मध्ये ती टीम क्लीव्हलंडहून नुकती हलली होती, बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक पाहिजे होता आणि मालकालाही लॉरेन्स फिलिप्स हवा होता. चौथा नंबर आला तेव्हा टीमसाठी प्लेअर निवडणाऱ्या ओझी न्यूसमने घेतला जोनाथन ऑग्डेन, जो टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाईनमधला, आणि टॅकलच्या जागेवर तर त्यांच्याकडे टोनी जोन्स होताच. म्हणजे गरजेच्या हिशेबात हा पिक शुद्ध वेडेपणा. पहिल्या वर्षी ऑग्डेनला बाजूच्या गार्डच्या जागेवर खेळवलं. मग त्याच राऊंडमध्ये 26 व्या नंबरवर रे लुईस. दोघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. फिलिप्स सहाव्या नंबरवर सेंट लुईसला गेला आणि दुसऱ्याच सीझनमध्ये त्यांनी त्याला काढून टाकलं. पुढे 2000 च्या सीझनमध्ये याच बाल्टिमोरच्या ऑफेन्सला लागोपाठ पाच मॅच एकही टचडाऊन करता आला नाही, आणि तरी ते चॅम्पियन झाले, कारण डिफेन्सने 16 मॅचमध्ये फक्त 165 पॉइंट दिले होते. तुमच्या लेखाप्रमाणे चालले असते तर त्या पाच मॅचनंतर सगळ्यांना घरी पाठवावं लागलं असतं.

पण हे सगळं जुनं झालं, आता खेळ बदलला, क्वार्टरबॅकशिवाय चालत नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि त्याला पैशाचं कारणही आहे जे तुमच्या लेखात यायला पाहिजे होतं. 2010 मध्ये पहिल्या नंबरच्या क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफोर्डला सहा वर्षांचे 78 मिलियन डॉलर, त्यातले 50 मिलियन पक्के. 2011 मध्ये नव्या प्लेअरच्या पगारावर मर्यादा आली आणि पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे 22 मिलियन. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक ड्राफ्टमध्ये सापडला तर तो चार-पाच वर्षं स्वस्तात पडतो आणि वाचलेल्या पैशात बाकी टीम उभी करता येते. म्हणून सगळे त्याच्यामागे धावतात. इथपर्यंत मलाही मान्य.

गडबड पुढे होते. गरज डोक्यात बसली की समोरचा पोरगा आहे त्यापेक्षा चांगला दिसायला लागतो, घाईत जमवलेल्या सोयरिकीत खोट दिसत नाही ना, तसंच. 2011 चाच ड्राफ्ट घ्या. आठव्या नंबरवर टेनेसीने जेक लॉकर, दहाव्यावर जॅक्सनव्हिलने ब्लेन गॅबर्ट, आणि त्यासाठी 16 वरून दहावर यायला जास्तीचा पिकही दिला, बाराव्यावर मिनेसोटाने क्रिश्चन पॉन्डर. तिघंही क्वार्टरबॅक, तिघांपैकी एकही टिकला नाही. आणि या गर्दीच्या मधोमध अकराव्या नंबरवर ह्यूस्टनने जे जे वॉट घेतला, जो पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेअर ठरला. टेनेसी आणि जॅक्सनव्हिल तर ह्यूस्टनच्याच डिव्हिजनमधले, म्हणजे जो सोडला तोच वर्षातून दोनदा समोर येऊन यांच्याच क्वार्टरबॅकला आपटणार. 2017 मध्ये शिकागोने तीनवरून दोनवर सरकायला तीन पिक जास्तीचे दिले आणि ट्रुबिस्की घेतला, पुढे कॅन्सस सिटीचा नावाजलेला क्वार्टरबॅक झाला तो महोम्स दहाव्या नंबरपर्यंत पडून होता. तिथे क्वार्टरबॅकची गरज खरीच होती, पण घाईत माणूसच भलता उचलला. आमच्या ग्रुपमध्ये एक शिकागोवाला आहे, त्याच्यासमोर हा विषय काढायची सोय नाही.

आता 2024. त्या ड्राफ्टमध्ये पहिले 14 च्या 14 पिक ऑफेन्सचे गेले, असं आधी कधी झालं नव्हतं, त्यातले सहा क्वार्टरबॅक. पहिला डिफेन्सवाला थेट 15 व्या नंबरवर. सगळे गरज गरज करत असताना फिलाडेल्फिया खाली शांतपणे बसली होती, तिला 22 व्या नंबरवर क्विन्यन मिचेल मिळाला आणि 40 व्यावर कूपर डिजीन, दोघंही डिफेन्सच्या मागच्या फळीतले. त्याच्या आदल्या वर्षी याच टीमने नवव्या नंबरवर जेलन कार्टर घेतला होता, ज्याला कित्येक जण त्या ड्राफ्टमधला सगळ्यात तगडा प्लेअर म्हणत होते. तो नंबर आधी शिकागोकडे होता, त्यांनी एक जागा मागे सरकून ऑफेन्सिव्ह टॅकल घेतला. मग फेब्रुवारी 2025 ची सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, पाहिली असेल तर आठवत असेल, फिलाडेल्फिया 40, कॅन्सस सिटी 22, हाफ टाइमला 24-0, महोम्स सहा वेळा आपटला, आणि डिजीनने त्याचा पास मधूनच हिसकावून टचडाऊन केला. आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला ती मॅच लागते, आम्ही तर्री पोह्याची गाडी लागायची वाट पाहत बसलो होतो आणि पोहे यायच्या आत मॅच संपल्यात जमा होती.

त्याच ड्राफ्टमधलं अटलांटा तर अजबच. मार्चमध्ये कर्क कझिन्स नावाच्या क्वार्टरबॅकला चार वर्षांचे 180 मिलियन कबूल केले आणि एप्रिलमध्ये आठव्या नंबरवर परत क्वार्टरबॅक घेतला, मायकल पेनिक्स. मग 2025 मध्ये डिफेन्सला माणूस नाही म्हणून पहिल्याच राऊंडमध्ये दोन पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारे, घ्यावे लागले आणि त्यातल्या दुसऱ्यासाठी 2026 चा पहिल्या राऊंडचा पिक देऊन बसले.

वॉशिंग्टनने त्याच वर्षी दुसऱ्या नंबरवर क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स घेतला आणि टीम 4 जिंकून 13 हरण्यावरून 12 जिंकून 5 हरण्यावर गेली, हे मी लपवत नाही. पण डॅनियल्स गरजेपोटी वर ओढलेला पोरगा नव्हता, टॅलेंटमध्येही तो तिथलाच होता. गरज आणि टॅलेंट एकाच पोरात सापडले तर भांडणच नाही, कोणीही उचलेल. सिनसिनाटीचं उदाहरण त्याहून मजेदार आहे. 2020 मध्ये त्यांच्या क्वार्टरबॅक बरोचा गुडघा मोडला, का तर लाईन त्याला वाचवू शकत नव्हती. 2021 मध्ये पाचवा नंबर आला तेव्हा सगळे ओरडत होते लाईनसाठी पेनी सूएल घ्या, त्यांनी घेतला रिसिव्हर जमार चेस. चेसने पहिल्याच वर्षी 1455 यार्ड काढले आणि टीम सुपर बोलमध्ये. तिथे बरो सात वेळा पडला आणि 23-20 ने हरले. म्हणून लोक म्हणतात पाहा, लाईनच घ्यायला पाहिजे होती. मी म्हणतो अहो सूएलही डेट्रॉईटला जाऊन लीगमधला एक नंबरचा टॅकल झालाच, दोघंही अव्वल होते, कोणालाही घेतलं असतं तरी पिक वाया जात नव्हता. लाईनचं भोक त्यांनी अनुभवी माणसं विकत घेऊन बुजवायला पाहिजे होतं, आणि तीच तर माझी तक्रार आहे. मार्चमध्ये फ्री एजंटचा, म्हणजे करार संपलेल्या प्लेअरचा बाजार असतो, तयार, खेळून झालेली माणसं मिळतात, गरज तिथे भागवायची. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये 21-22 वर्षांची पोरं असतात, ती बहुतेक एक-दोन वर्षांनी पिकतात, तोपर्यंत आजचं भोक भलतीकडेच गेलेलं असतं.

आणि हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही, आपलं जामठ्याचं क्रिकेट आहे ना. विदर्भाला बॅटिंगमध्ये अनुभव कमी पडत होता तेव्हा बाहेरून कोण आणलं? वसीम जाफर, गणेश सतीश, पुढे करुण नायर, सगळे तयार बॅट्समन. आणि घरात जो चांगला निघाला त्याला वाढवलं, मग तो बॉलर असो की कोणी. 2017-18 च्या फायनलमध्ये गुरबाणीची हॅटट्रिक, 2018-19 च्या फायनलमध्ये सरवटेच्या 11 विकेट, 2024-25 मध्ये हर्ष दुबेच्या 69 विकेट, रणजीच्या एका सीझनचा रेकॉर्ड. त्या फायनलमध्ये करुणनेही 86 आणि 135 केले, म्हणजे विकत आणलेली गरजही भागली. तीन रणजी अशा आल्या. बॅटिंग कमजोर आहे म्हणून घरचे बॉलर बाजूला सारून बॅट्समनच भरले असते तर?

2008 मध्ये आयपीएलनेही अंडर-19 पोरांसाठी एक छोटा ड्राफ्ट ठेवला होता. दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स होते, त्यांना बॉलर पाहिजे होता, म्हणून त्यांनी प्रदीप सांगवान घेतला आणि आपल्याच गावचा विराट कोहली सोडला. तो बंगळुरूला गेला. दिल्लीला गरज बॉलिंगची होती, ऑफेन्सची नव्हती, पण चूक तीच, की आजचं भोक पाहिलं आणि पोरगा नाही पाहिला.

आता उलट बाजूचे शहाणेही आहेत, जे म्हणतात टॅलेंटच्या लिस्टवर जो वर आहे तोच घ्या, गरज बघणं पाप आहे. त्यांचंही मला पटत नाही. ती लिस्ट काही दगडावरची रेघ नाही. बाराव्या आणि पंधराव्या पोरामध्ये जो फरक दाखवतात तो दहा स्काउटला, म्हणजे पोरं पारखणाऱ्यांना, विचारला तर दहा उत्तरं येतील. तिथे दोघं सारखेच असतील तर जरूर आपल्या कामाचा घ्या, ऑफेन्सचा घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण वॉट समोर असताना गॅबर्ट, वेअर समोर असताना तिसरा रिसिव्हर, याला गरज म्हणत नाहीत, याला घाबरणं म्हणतात.

एक विनंती. ड्राफ्टचा पहिला राऊंड आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो, तेव्हा तुमचा अंक छापून वाटायला निघालेला असतो हे समजतं. पण पुढच्या वर्षी निदान शनिवारच्या अंकात पहिले 32 पिक टीम आणि जागेसकट छापा, आणि प्रत्येकासमोर त्या टीमने मार्चमध्ये कोणाला विकत घेतलं तेही एका ओळीत द्या. क्रिकेटच्या पानातून अर्धा कॉलम सुटला तरी आमचं भागेल.

आपला,
एक नियमित वाचक
मानेवाडा, नागपूर