विंचूदंशाचे संशोधन शाळेच्या वर्गापर्यंत यावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षे विज्ञान शिकवले. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आम्ही दरवर्षी साजरा करायचो. मुले हौसेने प्रतिकृती करून आणत, भाषणे होत. मात्र आजारांवर प्रत्यक्ष संशोधन करणारा एकही डॉक्टर त्या सगळ्या वर्षांत आमच्या वर्गात आला नाही, ही खंत मनात आहे.

लाल विंचवाच्या दंशावरचे जगभर वाखाणले गेलेले काम याच तालुक्यात झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात इथे आले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट माणसे फुफ्फुसांत पाणी भरून दगावत असत. डॉक्टरांनी रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य ताण पडतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वापरून पाहिली. हे उपचार १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलेल्या त्यांच्या ७० रुग्णांवरील चाचणीत असे दिसले की, प्राझोसिनच्या जोडीला विंचूदंशाचे प्रतिविष, म्हणजे विषाचा प्रभाव मोडणारे औषध, दिले तर रुग्ण अधिक लवकर बरा होतो.

हे सारे मला निवृत्तीनंतर वाचनातून कळले. नोकरीत असताना आमच्या सातवीतल्या एका मुलाला पेंढा काढताना विंचू चावला. दुखत फारसे नव्हते, त्यामुळे घरचे निर्धास्त राहिले आणि आधी मांत्रिकाकडे गेले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सदरा घामाने चिंब झाला होता, उलट्या होत होत्या, हातपाय गार पडले होते. सुदैवाने तो वाचला. वेदना कमी म्हणून धोका कमी असे मुळीच नसते, आणि घाम, उलटी व गार हातपाय दिसताच एक क्षणही दवडायचा नसतो, हे त्याच्या आईवडिलांना ठाऊक नव्हते. विज्ञानाची शिक्षिका असलेल्या मलाही ते ठाऊक नव्हते, याचे शल्य अजून जात नाही.

एकट्यादुकट्या डॉक्टराने किती गावे फिरावीत? ही जबाबदारी संस्थांनी उचलायला हवी. ज्या समाजात संशोधन झाले त्या समाजाला त्याचे निष्कर्ष कळवण्याचा प्रयत्न व्हावा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटले आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आता कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे; त्यात विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचे असते, म्हणजे विद्यार्थी गावात जातातच. त्याच फेरीत त्यांनी आपल्या प्राध्यापकांसह गावच्या शाळेत दोन तास द्यावेत.

मात्र तिथे नुसती 'हे करा, ते करू नका' अशी यादी वाचून दाखवू नये. नोंदी कशा ठेवल्या, पहिला अंदाज कुठे चुकला, औषध खरोखर लागू पडते हे कशावरून ठरवले, हे मुलांना उलगडून सांगावे, त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, आणि हे सारे मराठीत, शक्य तिथे गावच्या बोलीत व्हावे. तेराचौदा वर्षांच्या मुलांना हे उत्तम समजते, असा माझा अनुभव आहे. शिवाय घरी आजी मांत्रिकाला बोलावू लागली की तिला समजावून थांबवू शकणारे नातवंडच असते. आजी डॉक्टरचे ऐकणार नाही, पण त्याचे ऐकते.

रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील आरोग्य आणि शिक्षण विभागांनी निदान विंचूदंश व सर्पदंश या दोन विषयांपासून सुरुवात करावी आणि भातकापणीला हात लागण्यापूर्वी, सप्टेंबरातच, प्रत्येक केंद्रशाळेत असा एक तास ठेवावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ता. महाड, जि. रायगड