झिरो बिल आणि खिडकीतून येणारी वायर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की ई-स्कूटरच्या जाहिरातींनी पानं भरतात. किलोमीटरला किती पैसे पडतात ते त्यात ठळक असतं. गाडी रात्री कुठल्या प्लगला लागणार, तो प्लग कुणाच्या मीटरवर आणि त्यामागे अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत उतरवणारी तार, आहे की नाही, हे कुठे छापलेलं नसतं. मी बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात घरगुती वायरिंगची कामं करतो. मला बोलावणं येतं ते गाडी दारात आल्यावर, बहुतेक वेळा पेढे वाटून झाल्यावर.

आमच्याकडची घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना सांगायला नको. पुढे सोपा म्हणजे ओसरी, मागच्या बाजूला विणायचा माग, वाटण्या होऊन एका दारात दोन-तीन चुली. गाडी गल्लीत, गटारीच्या कडेला. तिथवर वायर येते खिडकीच्या गजातून, नाहीतर माडीवरून. पाऊस लागला की एक्स्टेन्शनची पेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात आणि काम झालं म्हणतात.

पण जागेची अडचण हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं म्हणजे 'झिरो बिल'. घरगुती वीज ठरावीक युनिटांपर्यंत फुकट देणारी कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना २०२३ साली आली, तेव्हापासून घराघरात २०० युनिट हा आकडा पाठ आहे. "गाडी आमच्या मीटरवर लावली तर फ्री लाईट जाईल की वो," असं मला आक्का-मावश्या सांगतात, आणि वायर जावेच्या घरातून किंवा मागाच्या बोर्डावरून ओढलेली असते.

ही भीती काही घरांत खरी आहे, काही घरांत उगाच. योजनेत बहुतेक घरांना त्यांची २०२२-२३ ची महिन्याची सरासरी धरून वर १० टक्के युनिट फुकट मिळतात, पण २०० च्या आत. समजा घराची सरासरी ८० आहे, म्हणजे ८८ युनिट माफ. स्कूटर महिन्याला पाचशे किलोमीटर फिरली तर वीसेक युनिट खाते. वापर शंभरावर गेला तरी पैसे वरच्या १२ युनिटांचेच, शंभर रुपयांच्या आत. तेवढ्याच फिरण्याला पेट्रोल हजार रुपयांचं तरी लागतं. अशा घरानं शेजारी वायर मागायला जायचं काहीच कारण नाही.

गोची होते ती १८०-१९० युनिट वापरणाऱ्या घराची. गीझर, मिक्सर, फ्रिज, पोरांचा अभ्यास, सगळं आलं. त्यात स्कूटरचे वीस मिळाले की आकडा २०० च्या पुढे, आणि एकदा पुढे गेला की वरच्या चार युनिटांचं नव्हे, सगळंच बिल भरावं लागतं. युनिटचा दर सहा रुपयांच्या आसपास, वर फिक्स चार्ज आणि कर. चौदाशे-पंधराशेला सहज जातं. पेट्रोलचे हजार वाचवायला गेलेला माणूस उलट घरातून पैसे घालतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्या जागी मीही दुसरा मीटर शोधला असता.

फक्त तो मीटर मागाचा नको. मागाच्या विजेला सवलत आहे ती मागासाठी. येळ्ळूरकडे कुणी शेतीपंपाच्या लाईनवर गाडी लावत असेल तर त्यालाही हेच सांगणं. ज्या कामासाठी जोडणी दिली ते सोडून दुसऱ्याला वापरली, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. वीस युनिटांसाठी मागाची जोडणी वादात घालणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

याला एक सरळ वाट आहे, आणि ती गल्लीत कुणाला माहीत नाही म्हणून हे पत्र. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ई-वाहन चार्ज करायला ग्राहकाला वेगळी जोडणी मागता येते. त्याच दुरुस्तीत नव्या जोडणीची मुदतही कमी केली: महानगरांत ३ दिवस, इतर शहरांत ७, खेड्यात १५. गाडीचा मीटर निराळा झाला की तिचे युनिट घरच्या मीटरवर चढत नाहीत. त्या मीटरचा फिक्स चार्ज वेगळा पडेल हे खरं, पण पंधराशेच्या बिलापुढे तो परवडतो. ज्यांचा वापर शंभराच्या आसपास आहे त्यांनी मात्र या भानगडीत पडू नये, घरचाच मीटर बरा.

आता अर्थिंग. याबद्दल मी गिऱ्हाइकांशी भांडतो, तसा इथेही थोडा भांडणार. स्कूटरचा चार्जर तसा लहान, हजार वॅटच्या आतबाहेर, पण तो चार-पाच तास सलग चालतो. मिक्सर दोन मिनिटांत बंद होतो, म्हणून जुना सैल प्लग इतकी वर्षं खपून गेला. तोच प्लग रात्रभर तापला की आधी पिवळा पडतो, मग वितळतो. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. काही चार्जर अर्थ मिळाल्याशिवाय चालूच होत नाहीत. मग कुणीतरी हुशार माणूस अर्थच्या भोकात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, जोडून देतो. चार्जर चालू होतो, सगळे खूश. पुढे कधी न्यूट्रल तुटला, आणि पावसाळ्यात तो तुटतोच, की चार्जरच्या नि गाडीच्या अंगात करंट. ओल्या गल्लीत अनवाणी पोरगं हात लावतं ते त्याच गाडीला.

मोबाइलवर युनिट दाखवणारे स्मार्ट प्लग आता तरुण मुलं हौसेनं आणतात. हौस चांगली आहे. पण तो प्लग १६ अँपिअरचा आहे का ते बघा, आणि अर्थ मेली असेल तर ती मोबाइलवर दिसत नाही हेही लक्षात ठेवा. त्याआधी पैसे घालायचे तर अर्थिंगचा खड्डा, १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) यांत घालावेत. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी ओतावं लागतं. चारचाकी घेणाऱ्यांनी तर मंजूर भार, म्हणजे जोडणीवर किती किलोवॅट ओढायची परवानगी आहे तो आकडा, आधी वाढवून घ्यावा. घरगुती चार्जरसुद्धा तीन किलोवॅटच्या वर ओढतो आणि जुन्या जोडण्या एक-दोन किलोवॅटच्याच आहेत.

सोलरवाल्यांसाठीही एक शब्द. छपरावर सोलर बसवायच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, टिळकवाडी-हिंडलग्याकडच्या स्लॅबच्या घरांना ते जमेल. आमच्या कौलांवर अवघड. पण नेट मीटरचं, म्हणजे उरलेली वीज लाईनीत परत देणारं, साधं सोलर, बॅटरी नसेल तर, लाईन गेली की आपोआप बंद पडतं. खानापूर भागात झाड पडून लाईट जाते तेव्हा छपरावर पॅनेल असूनही गाडी चार्ज होणार नाही. हे विकणाऱ्यानं आधी सांगायला हवं.

माझं मागणं एवढंच. वेगळ्या जोडणीचा हा नियम, लागणारी कागदपत्रं आणि त्या मीटरचा दर प्रत्येक वीज कार्यालयात फलकावर लावावा, कन्नडसोबत मराठीतही, कारण अर्ज करणारे आम्हीच आहोत. भाडेकरूला आणि एका घरातल्या दोन भावांना अर्ज करताना कुणाची संमती लागेल, तेही त्यावर लिहावं. तिथेच सगळे अडतात.

आपला,
एक वायरमन
वडगाव, बेळगाव