फायलींचा बॅकअप होतो, सेटिंगचा नाही

महोदय,
सांगलीकरांनी 2005, 2019 आणि 2021 चा पूर पाहिला आहे. तेव्हापासून फोटो आणि हिशेब पेन ड्राइव्हवर ठेवायची सवय बऱ्याच जणांना लागली. पण लिनक्स या संगणकप्रणालीवर काम करणारे विद्यार्थी आणि छोटे व्यावसायिक होम फोल्डरमधल्या (वापरकर्त्याच्या स्वतःच्या मुख्य फोल्डरमधल्या), नावाआधी टिंब असलेल्या सेटिंगच्या फायली हमखास विसरतात.

त्यासाठी गिट, म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारे सॉफ्टवेअर, पुरेसे आहे. होम फोल्डरमध्ये वेगळ्या नावाची ‘बेअर’ रिपॉझिटरी (फक्त इतिहासाचा साठा) करावी, वर्क-ट्री (गिटने ज्या फायली पाहायच्या ती जागा) म्हणून होम फोल्डरच द्यावे आणि हे दोन्ही सांगणाऱ्या गिटच्या लांबलचक आज्ञेला एक छोटा एलियस (टोपणनाव) ठेवावा. गिटला न जोडलेल्या फायली स्टेटसमध्ये दाखवू नयेत, हे सेटिंग लगेच करावे. नाहीतर सगळे घरच यादीत उतरते. फायली एकेक करून जोडाव्यात, सरसकट कधीच नाही.

कारण एसएसएचची (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीची) खासगी किल्ली किंवा पासवर्ड एकदा कमिट झाला, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदला गेला, की फाइल पुसूनही तो इतिहासात राहतो. तो बाहेर पुश झाला (दुसऱ्या सर्व्हरवर पाठवला गेला) असेल तर ती किल्ली किंवा पासवर्डच बदलावा. रिपॉझिटरी खासगी असली तरी हा नियम मोडू नये.

नव्या मशीनवर चेकआउट (साठ्यातल्या फायली जागेवर उतरवणे) बहुधा अडते, कारण बॅशआरसी ही टर्मिनलच्या सेटिंगची फाइल तिथे आधीच असते. ती बाजूला हलवून पुन्हा करावे. गिट फायलींच्या परवानग्या जपत नाही, फक्त एक्झिक्युटेबल खूण जपते. म्हणून एसएसएचच्या कॉन्फिगला (सेटिंगच्या फाइलला) 600 परवानगी, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, हाताने द्यावी.

आणि रिमोट प्रत गावाबाहेरच्या सर्व्हरवर हवी. त्याच टेबलावरची हार्डडिस्क पुरात काय कामाची?

– एक वाचक, सांगली