साखरप्याच्या मिस्त्री काकांना

नमस्कार मिस्त्री काका,

गणपतीच्या आदल्या दिवशी आंबा घाट उतरून साखरप्यात चहाला थांबलो आणि गाडी पुन्हा चालूच होईना. धो धो पावसात तुम्ही आलात, आधी आईला तुमच्या घरी पाठवलंत, मग बॉनेट उघडलंत. गणपती वेळेवर बसले, त्याचे आभार मी तेव्हाच मानले. राहून गेले ते वेगळे आभार आहेत. तुम्ही काहीही बदलण्याआधी तपासलंत, आणि तपासताना मला शेजारी उभं करून दाखवलंत.

चावी फिरवली की नुसतं एकदा 'टक' व्हायचं, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) उचलायचाच नाही. जमलेल्यांपैकी कुणी बॅटरी गेली म्हणालं, कुणी सेल्फ जळाला म्हणालं. कोल्हापुरात थोड्याच दिवसांपूर्वी एका गॅरेजने याच तक्रारीवर नवी बॅटरी बसवून दिली होती, त्यामुळे मी अगदी हवालदिल झाले होते.

तुम्ही मला हेडलाइट लावायला सांगितलेत आणि चावी मारायला लावलीत. दिवे जराही मंद झाले नाहीत. "ताई, बॅटरी बसलेली असती तर दिवे विझत आले असते आणि टक-टक-टक अशी माळ लागली असती. सेल्फ फिरूनही इंजिन पकडत नसतं, तर पेट्रोल नाहीतर स्पार्क बघायचा. इथे करंट आहे, पण सेल्फपर्यंत धड पोचत नाहीये." तुमचं हे बोलणं मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं.

मग मीटर काढलात. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी आजवर कुठल्याही गॅरेजात पाहिलं नव्हतं. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी थेट इंजिनच्या धातूला, आणि पुन्हा चावी. काटा नसलेल्या त्या छोट्या पडद्यावर चार व्होल्टच्या वर आकडा आला. "इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये," असं म्हणून तुम्ही जम्पर केबलने बॅटरीचा मायनस आणि इंजिन जोडलंत. पहिल्याच चावीला गाडी सुरू! करंट जायचा रस्ता चारपदरी होता, परतीच्या वाटेवर दरड कोसळली होती, एवढंच.

बॅटरीचा मायनस इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी तुम्ही सोडवून माझ्या हातावर ठेवलीत. वरून प्लास्टिक अगदी धड होतं. तुम्ही पक्कडीने ते सोललंत, तर आत तांब्याच्या जागी हिरवट पूड आणि मोजक्याच तारा शिल्लक. गाडी आधी बरीच वर्षं रत्नागिरीत समुद्राकाठी होती, खाऱ्या हवेने आतून खाल्लं होतं. वेल्डिंगच्या जाड केबलचा तुकडा कापून, दोन्ही टोकांना लग (बोल्टला अडकवायच्या धातूच्या कड्या) दाबून तुम्ही नवी पट्टी केलीत. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासलीत, घट्ट आवळून वर ग्रीस लावलंत. एवढ्यावर कुणीही हात पुसले असते. तुम्ही मात्र गाडी चालू ठेवून, दिवे आणि एसी लावून चार्जिंगही बघितलंत. 14.2 आल्यावरच बॉनेट खाली घेतलंत.

नवा सेल्फ माझ्या गळ्यात मारणं तुम्हाला सहज शक्य होतं, मी मुकाट्याने पैसे दिले असते. तुम्ही केबलचे आणि मेहनतीचे तेवढेच घेतलेत, वर "बॅटरी चांगली आहे, कुणी सांगितलं तरी बदलू नका," असं बजावलंत. गाडीतलं फारसं न कळणाऱ्या माणसाला, त्यातून बाईमाणसाला, असं सरळ वागणारा मिस्त्री भेटणं किती दुर्मीळ आहे, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल.

मी एक साधा मीटर विकत घेतलाय. परवा आमच्या सोसायटीत एका काकूंची गाडी अडली, तेव्हा तुमच्याच क्रमाने गेले: आधी दिवे, मग बॅटरी, मग टर्मिनल. टर्मिनल सैल निघालं. त्यांनी मला दिलेले धन्यवाद तुमचेच आहेत, म्हणून इथे पोचवते.

टॉर्च धरून भिजत उभ्या राहिलेल्या तुमच्या मुलाला शाबासकी सांगा. तुमच्या घरच्या काकूंनी आईला दिलेल्या कोरड्या लुगड्याबद्दल आई अजून बोलते. ते धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. दिवाळीत आम्ही गावी जाताना घेऊन येतो.

तुमची,
कोल्हापूरची ताई