वाघाटी कोणी दाखवणार का?

संपादक साहेब,

परवा मुलीच्या शाळेची ट्रिप बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेली होती, घरी आल्यावर विचारलं काय काय बघितलं तर म्हणे वाघ, सिंह आणि माकडं. बस! अहो आपण राहतो मानपाड्याला, त्याच पार्कात येणारं येऊरचं जंगल खिडकीतून दिसतं, आणि या १०४ चौरस किलोमीटरच्या पार्कात वाघाटी राहते हे पोरांना कोणी सांगतच नाही. जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी ही एक, वजन जेमतेम दीड किलो, घरातल्या मांजरीहूनही लहान, रात्री फिरते, उंदीर-पाली खाते, झाडावरही चढते. आणि संरक्षण मात्र वाघाएवढंच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शेड्युल १ मध्ये.

सिंह तर आपल्याकडचा नाहीच, तो गीरचा. सफारी बंद करा असं म्हणत नाही मी, पोरांना मजा येते, पण सोबत अर्धा तास वाघाटी आणि बिबट्यावर बोललं तर काय बिघडतं? जुन्नरकडे ऊसतोडीत वाघाटीची पिल्लं सापडली की लोक बिबट्याची समजून उचलतात. खरं तर पिल्लू लगेच उचलायचं नसतं, वनविभागाला फोन करायचा, बहुतेक वेळा त्याच जागी ठेवलं तर आई रात्री येऊन घेऊन जाते.

आणि येऊरला पार्टी करून उरलेलं खाणं रस्त्यावर टाकणाऱ्यांनाही बसवा त्याच क्लासला, कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, मग सोसायटीच्या ग्रुपवर 'पिंजरा लावा' सुरू!

— एक पालक, मानपाडा, ठाणे